देश आपला, नाणं त्यांचं

फ्रान्सच्या ऐन मध्यावर, जुन्या ज्वालामुखींच्या मुलखात शमालिएर नावाचं गाव आहे. फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेचा नोटांचा छापखाना तिथे आहे. युरोच्या नोटा तर तिथे छापतातच, पण त्यांच्या जोडीने अशाही नोटा निघतात, ज्या फ्रान्समधल्या कुठल्याच दुकानात चालत नाहीत. त्यांच्यावर करवतमाशाची आकृती आहे. पश्चिम आफ्रिकेतले आकान लोक पूर्वी सोनं तोलायला पितळेची नक्षीदार वजनं वापरत, त्यांतल्या एका वजनाचा हा आकार. भरभराटीची खूण म्हणून तो नोटेवर घेतला आहे. हजाराच्या नोटेच्या मागे उंट आहेत, दहा हजाराच्या नोटेवर पक्षी. छापून झाल्या की या नोटा डाकार, बामाको, आबिदजान, लोमे अशा शहरांकडे रवाना होतात. सुटी नाणी बोर्दोजवळच्या पेसाकच्या टांकसाळीत पाडली जातात.

या चलनाचं नाव सीएफए फ्रँक. १४ देश ते वापरतात. पश्चिमेकडे सेनेगल, माली, आयव्हरी कोस्ट, बुर्किना फासो, नायजर, टोगो, बेनिन, गिनी-बिसाऊ. मध्य आफ्रिकेत कॅमेरून, गॅबन, चाड, काँगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि इक्वेटोरियल गिनी. दोन्ही गटांच्या नोटा वेगळ्या आणि मध्यवर्ती बँकाही वेगळ्या, पण युरोशी बांधलेला दर एकच. यांतले १२ देश एके काळी फ्रान्सच्या ताब्यात होते. इक्वेटोरियल गिनी स्पेनची वसाहत होती आणि गिनी-बिसाऊ पोर्तुगालची. ते दोघे १९८५ आणि १९९७ मध्ये आपण होऊन या व्यवस्थेत आले.

नोटा दुसऱ्या देशात छापून घेण्यात कमीपणा काही नाही; कितीतरी देश तसं करतात. नोट कुठे छापली जाते यापेक्षा तिची किंमत कोण ठरवतं, हे महत्त्वाचं. आपल्याकडे नाशिकच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जाऊ लागल्या, पण म्हणून रुपया आपला झाला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीच सरकारने रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असा कायद्याने पक्का केला होता. मुंबईचे व्यापारी आणि गिरणीमालक एक शिलिंग चार पेन्स मागत होते. रुपया महाग ठेवला की विलायती माल स्वस्त पडतो आणि आपला कापूस, आपलं कापड बाहेर विकणं जड जातं, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्यापैकीच पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगात बसून याच मुद्द्यावर भिन्नमतपत्रिका लिहिली. दोन पेन्सचा तो वाद समजला, की पुढची सगळी गोष्ट समजायला सोपी जाते.

सीएफए फ्रँक जन्मला २६ डिसेंबर १९४५ रोजी. युद्धाने फ्रान्सचा फ्रँक खिळखिळा झाला होता, त्याचं अवमूल्यन करणं भाग होतं. आफ्रिकेतल्या वसाहतींना मात्र वेगळं, जास्त किमतीचं चलन देण्यात आलं: एका सीएफएला १.७० फ्रेंच फ्रँक, आणि १९४८ पासून दोन. वसाहतीतलं चलन सत्ताधारी देशाच्या चलनापेक्षा भारी, हे वरकरणी औदार्य वाटेल. पण त्याचा अर्थ असा, की सेनेगलच्या माणसाला फ्रान्समधून आलेली साखर, कापड, यंत्रं स्वस्त पडणार आणि फ्रान्सखेरीज इतरांना आपला माल विकणं अवघड जाणार. युद्धात तुटलेली गिऱ्हाइकं फ्रान्सने अशा रीतीने पुन्हा जोडून घेतली.

१९६० मध्ये एकामागून एक देश स्वतंत्र झाले. झेंडे बदलले, राष्ट्रगीतं आली, संयुक्त राष्ट्रांत खुर्च्या मिळाल्या. चलन राहिलं. त्याच्या अटी अशा: दर फ्रान्सच्या चलनाशी कायमचा बांधलेला, पैसा फ्रान्सकडे नेण्या-आणण्यावर बंधन नाही, आणि देशाने निर्यातीतून कमावलेलं परकीय चलन पॅरिसमध्ये, फ्रान्सच्या सरकारी कोषागारातल्या एका खास खात्यात जमा करायचं. सुरुवातीला जवळपास सगळं, १९७३ पासून ६५ टक्के, आणि पश्चिम आफ्रिकेच्या गटासाठी २००५ पासून निम्मं. बदल्यात फ्रान्सची हमी: तुमचं खातं रिकामं झालं, तरी तुमच्या नोटेच्या बदल्यात आम्ही आमचं चलन देऊ. मध्यवर्ती बँकांच्या संचालक मंडळांवर फ्रान्सचे प्रतिनिधी बसत. भाऊ वेगळा निघाला, चूल वेगळी मांडली, आणि कपाटाची किल्ली मात्र थोरल्याकडेच राहिली, असा हा संसार.

या कराराला नाही म्हणणाऱ्यांचं काय झालं, ते सविस्तर सांगण्याजोगं आहे.

१९५८ मध्ये जनरल द गॉल यांनी वसाहतींपुढे सार्वमत ठेवलं. फ्रान्सच्या छत्राखालच्या समुदायात राहायचं असेल तर हो म्हणा. नाही म्हणालात तर स्वातंत्र्य लगेच मिळेल, पण फ्रान्सचा हातही सुटेल. २५ ऑगस्टला ते गिनीची राजधानी कोनाक्रीत आले. तिथले नेते सेकू तुरे कामगार चळवळीतून वर आलेले. भरसभेत, द गॉल समोर बसलेले असताना, त्यांनी सांगितलं की गुलामीतल्या श्रीमंतीपेक्षा आम्हाला स्वातंत्र्यातली गरिबी चालेल. द गॉल यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं: स्वातंत्र्य हवं असेल तर घ्या, फ्रान्स आडवा येणार नाही, परिणाम मात्र भोगावे लागतील. २८ सप्टेंबरला ९५ टक्क्यांहून अधिक मतदारांनी नाही म्हटलं. फ्रान्सच्या आफ्रिकी मुलखात असं करणारा तो एकच देश. २ ऑक्टोबरला गिनी स्वतंत्र झाला.

परिणाम लगोलग आले. फ्रेंच डॉक्टर, शिक्षक, अभियंते, कारकून, सगळ्यांना काही आठवड्यांत परत बोलावलं गेलं. जाताना सरकारी कागदपत्रं नेली, टेलिफोन उपटले, जे नेता येईना ते मोडून ठेवलं. नवा देश चालवायचा तर जुन्या फायली लागतात, जमिनीच्या नोंदी लागतात, कुणाचा पगार किती हे माहीत असावं लागतं. ते सारं एका फटक्यात गेलं. घानाचे नेते एन्क्रुमा यांनी एक कोटी पौंडांचं कर्ज देऊ केलं म्हणून गिनीला थोडा श्वास घेता आला. १ मार्च १९६० रोजी गिनीने स्वतःचं चलन काढलं. त्यावर फ्रान्सच्या गुप्तहेर खात्याने गिनीच्या खोट्या नोटा छापून बाजारात ओतल्या. त्या मोहिमेला एका कपडे धुण्याच्या पावडरीचं नाव दिलं होतं: पर्सिल. पुढे त्या खात्यातल्या वरिष्ठांनीच हे कबूल केलं. मैत्रीचे करार करणारं एक राष्ट्र दुसऱ्याच्या बाजारात खोटा पैसा सोडतं, याहून उघड शत्रुत्व कुठलं?

पण गिनीची गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी राहील. सेकू तुरे पुढे हुकूमशहा झाले. प्रत्येक अडचणीमागे त्यांना कट दिसू लागला. काही कट खरे होते, पुष्कळसे कल्पनेतले. कोनाक्रीच्या कॅम्प ब्वारो तुरुंगात माणसांना अन्नपाणी तोडून मारलं गेलं. आफ्रिकी एकता संघटनेचे पहिले सरचिटणीस दियालो तेल्ली हे गिनीचेच. तेही १९७७ मध्ये तिथेच असे मेले. स्वतःच्या चलनाचं तर सरकारने पोतेरं केलं. फ्रान्सने दिलेला त्रास खरा आणि तुरे यांचे अपराधही खरे. एकाने दुसऱ्याचं क्षालन होत नाही. मात्र शेजारच्या राज्यकर्त्यांनी यातून घ्यायचा तो धडा घेतला: बाहेर पडलात तर असे हाल होतात.

माली तरीही बाहेर पडला. १ जुलै १९६२ रोजी राष्ट्राध्यक्ष मोदिबो केइता यांनी मालीचा फ्रँक आणला. बामाकोच्या व्यापाऱ्यांचा धंदा सीमेपलीकडे होता. नव्या नोटा तिथे कोणी घेईना, तीन आठवड्यांच्या आत ते रस्त्यावर उतरले. सरकारने त्यांना देशद्रोही ठरवून तुरुंगात टाकलं. पाच वर्षांत चलन अर्ध्यावर आणावं लागलं, पुन्हा फ्रान्सशी करार करावा लागला आणि १९८४ मध्ये माली गुपचूप सीएफएत परतला. टोगोचे राष्ट्राध्यक्ष सिल्वानुस ऑलिंपियो लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकलेले, हिशेबाला पक्के. डिसेंबर १९६२ मध्ये त्यांनी टोगोच्या स्वतंत्र मध्यवर्ती बँकेचा कायदा करून घेतला. १३ जानेवारी १९६३ च्या पहाटे लोमेत अमेरिकी वकिलातीच्या फाटकाशी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. मारेकरी फ्रान्सच्या सैन्यातून सुटून आलेले टोगोचेच शिपाई होते, त्यांना देशाच्या सैन्यात नोकऱ्या हव्या होत्या आणि ऑलिंपियो खर्चाच्या भीतीने देत नव्हते. बँकेचा कायदा आणि हा खून यांच्यात थेट धागा कोणी सिद्ध केलेला नाही, तेव्हा तो आपणही जोडू नये. घडलं ते इतकंच, की टोगोची बँक जन्मण्याआधीच गेली आणि त्या शिपायांपैकी एक, एयादेमा, १९६७ ते २००५ पर्यंत देशाचा राष्ट्राध्यक्ष राहिला. त्याच्यानंतर सत्ता त्याच्या मुलाकडे गेली.

हा सगळा कारभार पॅरिसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यातून चाले. परराष्ट्र खातं बाजूलाच. द गॉल यांचे विश्वासू जाक फोकार १९६० पासून १९७४ पर्यंत आफ्रिकेचं काम पाहत. कुठल्या राष्ट्राध्यक्षाला टिकवायचं आणि कुणाकडे काणाडोळा करायचा, हे त्यांच्या टेलिफोनवर ठरे. फेब्रुवारी १९६४ मध्ये गॅबनच्या लष्कराने राष्ट्राध्यक्ष एम्बा यांना हटवलं, तर फ्रान्सचे छत्रीधारी सैनिक उतरले आणि दोन दिवसांत ते पुन्हा गादीवर. गॅबनमध्ये तेल होतं. १९६१ च्या संरक्षण करारात आयव्हरी कोस्ट, नायजर आणि तेव्हाचा दाहोमी (आजचा बेनिन) यांनी तेल आणि युरेनियमसारख्या खनिजांवर फ्रान्सला अग्रहक्क मान्य केला होता. नायजरच्या वाळवंटात आर्लीतला १९७१ पासून युरेनियम निघतंय. फ्रान्सची बहुतेक वीज अणुभट्ट्यांतून येते आणि नायजरमधल्या बहुसंख्य घरांत आजही वीज नाही.

तरी माझ्या मते सैन्य आणि खनिजं यांपेक्षा चलनाची पकड खोलवर गेली, कारण ती रोजच्या ताटापर्यंत पोहोचली.

सेनेगलचं ताट बघा. तिथलं राष्ट्रीय पक्वान्न म्हणजे मासे घालून केलेला भात, थिएबूदिएन. तो तांदळाच्या कणीचा करतात. अख्खा तांदूळ असला तरी अनेकांना कणीच आवडते. ही आवड वसाहतीच्या हिशेबातून आली. फ्रान्सला सेनेगलमधून भुईमूग हवा होता, बोर्दो आणि मार्सेच्या तेलगिरण्यांसाठी. शेतकऱ्याने ज्वारी-बाजरी सोडून भुईमूग लावावा, तर त्याला खायला काहीतरी पुरवायला हवं. फ्रान्सचीच दुसरी वसाहत इंडोचायना. तिथल्या गिरण्यांतली कणी युरोपात कोणी घेत नव्हतं. ती बोटींनी डाकारला आली. दोन पिढ्यांत ती कणी तिथल्या सणावाराचं अन्न झाली. पुढे चलन महाग राहिलं, म्हणून बाहेरचा तांदूळ सेनेगल नदीकाठच्या तांदळापेक्षा स्वस्त पडत राहिला आणि स्थानिक भातशेती मान वर काढू शकली नाही. आता ही कणी व्हिएतनामखेरीज थायलंडमधून आणि आपल्या भारतातून जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने कणीची निर्यात बंद केली, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत ती आतल्या पानावरची बातमी होती. डाकारच्या बाजारात ती जेवणाची चिंता होती.

किंवा कापूस घ्या. माली, बुर्किना फासो, बेनिन, चाड हे चार देश कापसावर जगतात. २००३ मध्ये मेक्सिकोतल्या कानकून इथे जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीत याच चौघांनी अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध आवाज उठवला होता. अमेरिका आपल्या शेतकऱ्यांना पैसे देऊन कापूस पिकवते आणि जगभरचे भाव पडतात, ही तक्रार यवतमाळ-अमरावतीच्या शेतकऱ्यालाही पाठ आहे. त्या चौघांच्या बाबतीत मात्र दुसरा एक फास होता. कापूस विकला जातो डॉलरमध्ये आणि त्यांचं चलन बांधलेलं युरोला. २००१ च्या मध्याला एक युरो साधारण ८५ सेंटचा होता, जुलै २००८ मध्ये तो १ डॉलर ५९ सेंटवर गेला. म्हणजे १०० डॉलरच्या कापसाचे आधी सुमारे ७७ हजार सीएफए हातात येत, ते ४१ हजारांवर आले. शेतकऱ्याने काही चूक केली नव्हती. पाऊस, बोंडअळी, सावकार यांतलं काही आडवं आलं नव्हतं. फ्रँकफुर्टमध्ये युरोपच्या मध्यवर्ती बँकेने जर्मनी-फ्रान्सची महागाई पाहून व्याजदर ठरवले, आणि मालीतल्या सिकासोच्या कापूस उत्पादकाचं उत्पन्न घटलं.

दर बदलायचाच तर कोण बदलणार, हेही जानेवारी १९९४ मध्ये दिसलं. १९८० नंतर कोको आणि कॉफीचे भाव कोसळले होते आणि फ्रान्स आपला फ्रँक जर्मनीच्या मार्कच्या तोडीचा ठेवायला धडपडत होता. त्याच्यामागे सीएफएही फरफटत वर गेला. आयव्हरी कोस्टचे ऊफुए-ब्वान्यी अवमूल्यनाच्या ठाम विरोधात होते. ते १९५० च्या दशकात फ्रान्सच्या मंत्रिमंडळात मंत्री होते आणि १९६० पासून आपल्या देशाचे राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या शब्दाला पॅरिसमध्ये वजन होतं. ७ डिसेंबर १९९३ रोजी ते वारले. पाच आठवड्यांनी, ११ जानेवारीला, डाकारच्या एका हॉटेलात या देशांचे प्रमुख आणि प्रतिनिधी जमले. फ्रान्सचे सहकार्यमंत्री आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे प्रमुखही हजर होते. तासन्‌तास घासाघीस झाली आणि रात्री कॅमेरूनच्या अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं: यापुढे फ्रान्सच्या एका फ्रँकला ५० ऐवजी १०० सीएफए. झोपताना ज्याच्याकडे दहा हजार होते, तो उठला तेव्हाही दहा हजारच होते, पण बाहेरच्या औषधाची किंमत दुप्पट होणार होती. डाकारमध्ये फेब्रुवारीत दंगल उसळली. आपल्याकडे ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं, तेही जागतिक बँकेच्या दबावाखाली, आणि त्यावरून इंदिरा गांधींवर देशभर टीका झाली. पण तो निर्णय दिल्लीने घेतला होता आणि त्याचा जाब लोकांनी पुढच्याच वर्षी मतपेटीतून दिल्लीला विचारला. डाकारच्या माणसाने जाब कुणाला विचारायचा?

आज एका युरोला ६५५.९५७ सीएफए मिळतात. हा विचित्र आकडा त्या रात्रीचाच वारस. १०० सीएफएला एक फ्रेंच फ्रँक, आणि युरो आला तेव्हा ६.५५९५७ फ्रँकला एक युरो. दोन्ही गुणले की तो आकडा येतो. फ्रान्समधून फ्रँक २००२ मध्ये हद्दपार झाला. आफ्रिकेत तो अजून चालतो.

या व्यवस्थेची बाजू घेणारे सगळेच पॅरिसचे हस्तक नाहीत, हे समजून घ्यायला हवं. सीएफए देशांत महागाई कमी राहिली. शेजारच्या घानाने स्वतःचं चलन सांभाळलं. १९८३ मध्ये तिथे महागाई शंभर टक्क्यांच्या वर गेली होती आणि २०२२ च्या अखेरीस पुन्हा ५० टक्क्यांच्या वर. लोमेच्या बाजारात कापड विकणाऱ्या बाईला आपल्या गाठीच्या पैशाचं काय होईल, ही धास्ती नसते. सीमेपलीकडे घानात ती असते. समाजमाध्यमांवर फिरणारा दावा, की फ्रान्स या देशांकडून दरवर्षी ५०० अब्ज डॉलरचा वसाहत-कर घेतो, निखालस खोटा आहे. या १४ देशांचं मिळून वर्षाचं उत्पन्नच त्याहून कमी भरतं. पॅरिसमध्ये ठेवलेल्या गंगाजळीवर फ्रान्स व्याजही देत असे. खरी तक्रार लुटीपेक्षा निर्णयाची आहे. कॅमेरूनचे अर्थतज्ज्ञ जोसेफ चुंजांग पुएमी यांनी १९८० मध्येच पुस्तक लिहून हे मांडलं होतं: स्वतःच्या चलनाची जबाबदारी न घेणारा देश स्वतःचा शेतकरी आणि स्वतःचा कारखानदार यांना कर्ज द्यायलाही शिकत नाही. महागाई कमी ठेवण्यासाठी कर्ज आवळून धरलं, की छोट्या उद्योजकाला बँकेचं दार बंद होतं. स्थैर्य मिळतं ते प्रामुख्याने ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्याला. आणि मुक्त वहनाच्या अटीमुळे त्याला तो पैसा पॅरिसला नेऊन घर घेता येतं. गॅबनच्या माजी सत्ताधारी बोंगो कुटुंबाची आणि काँगोच्या राष्ट्राध्यक्षांच्या नातलगांची फ्रान्समधली घरं याच वाटेने चौकशीच्या फेऱ्यात आली.

आपल्या पैशाची किल्ली दुसऱ्याकडे असणं म्हणजे काय, हे पश्चिम आफ्रिकेच्या वृद्ध सैनिकांएवढं कोणी जाणत नाही. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढून, जर्मनांच्या कैदेत वर्षं काढून परतलेल्या आफ्रिकी शिपायांना डाकारजवळच्या थियारोय छावणीत ठेवलं होतं. थकलेला पगार मिळाल्याशिवाय हलणार नाही, असं ते म्हणाले. १ डिसेंबर १९४४ च्या सकाळी त्यांच्यावर फ्रान्सच्याच सैन्याने गोळ्या झाडल्या. सरकारने ३५ मृत सांगितले. इतिहासकार तो आकडा मानत नाहीत. सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेम्बेन यांनी १९८८ मध्ये त्यावर चित्रपट केला. घटनेला ८० वर्षं पूर्ण होताना, नोव्हेंबर २०२४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी पत्र लिहून ते हत्याकांड होतं असं मान्य केलं.

जे वाचले, त्यांच्या पेन्शनची कथा वेगळीच. १९५९ च्या डिसेंबरात फ्रान्सच्या संसदेने अर्थसंकल्पातल्या एका कलमाने ठरवलं, की स्वतंत्र होणाऱ्या वसाहतींतल्या सैनिकांचं पेन्शन आहे त्या आकड्यावर गोठवायचं. फ्रेंच सैनिकाचं पेन्शन महागाईबरोबर वाढत गेलं, त्याच्याच शेजारी खंदकात उभ्या असलेल्या सेनेगली सैनिकाचं जागच्या जागी राहिलं. चाळीसहून अधिक वर्षं. २००६ मध्ये उत्तर आफ्रिकी सैनिकांवरचा एक चित्रपट फ्रान्समध्ये गाजला, तेव्हा कुठे राष्ट्राध्यक्ष शिराक यांच्या सरकारने युद्ध-पेन्शन समान करण्याचं मान्य केलं. त्यानंतरही फ्रान्सचा वृद्धापकाळ भत्ता घ्यायचा तर वर्षातले सहा महिने फ्रान्समध्ये राहण्याची अट होती. नव्वदीच्या घरातले हे आजोबा पॅरिसच्या उपनगरात एकेका खोलीत, नातवंडांपासून दूर, फक्त त्या अटीसाठी राहत. एप्रिल २०२३ मध्ये अट सैल झाली आणि काही मोजके जण कायमचे सेनेगलला परतले. बाकीचे तोवर गेले होते.

२०१७ नंतर चित्र वेगाने हललं. डाकारमध्ये एका कार्यकर्त्याने भर सभेत पाच हजारांची नोट जाळली, मध्यवर्ती बँकेच्या तक्रारीवरून त्याला अटक झाली आणि सीएफए हा तरुणांच्या घोषणांचा विषय झाला. २१ डिसेंबर २०१९ रोजी आबिदजानमध्ये माक्राँ आणि आयव्हरी कोस्टचे राष्ट्राध्यक्ष वातारा यांनी जाहीर केलं, की पश्चिम आफ्रिकेच्या आठ देशांपुरतं पॅरिसमधलं खातं बंद होईल, बँकेच्या मंडळावरचे फ्रेंच प्रतिनिधी निघून जातील आणि चलनाचं नाव इको होईल. खातं बंद झालं, प्रतिनिधी गेले. दर तोच राहिला, हमी तीच राहिली आणि नोटांवरचं नावही अजून तेच आहे. मध्य आफ्रिकेच्या सहा देशांना या सुधारणेचा स्पर्शही झाला नाही.

दरम्यान सैन्य मात्र निघालं. माली ऑगस्ट २०२२, बुर्किना फासो फेब्रुवारी २०२३, नायजर डिसेंबर २०२३, चाड जानेवारी २०२५. त्यानंतर आयव्हरी कोस्ट, आणि शेवटी जुलै २०२५ मध्ये सेनेगल. साठ वर्षांत जे कोणाला जमलं नव्हतं, ते तीन वर्षांत घडलं. माली, बुर्किना आणि नायजर इथे लष्करी उठाव करून आलेली सरकारं आहेत. त्यांनी फ्रेंच रेडिओ आणि वृत्तवाहिन्या बंद केल्या, नायजरने फ्रान्सच्या राजदूताला घालवलं आणि २०२५ मध्ये आर्लीतची युरेनियम कंपनी राष्ट्रीय मालकीची केली. तिघांनी पश्चिम आफ्रिकी देशांचा संघ सोडला, फ्रेंचभाषक देशांची संघटनाही सोडली. लोकांनी निवडून दिलेलं सरकार यांतल्या एकाही देशात नाही, आणि फ्रान्सची जागा रशियाच्या भाडोत्री सैनिकांनी भरून काढण्यात मला तरी स्वातंत्र्य दिसत नाही.

चलन मात्र या तिघांनीही सोडलेलं नाही. त्यामागे भावना नाही, हिशेब आहे. उठाव झाल्यावर शेजारी देशांनी मालीवर जानेवारी २०२२ मध्ये आणि नायजरवर जुलै २०२३ मध्ये निर्बंध घातले, तेव्हा डाकारच्या प्रादेशिक मध्यवर्ती बँकेने या दोन्ही सरकारांची खाती गोठवली. कर्जाचे हप्ते चुकले, तिजोरीत खडखडाट झाला. २०१०-११ मध्ये आयव्हरी कोस्टमध्येही हाच उपाय वापरला गेला होता: निवडणूक हरूनही खुर्ची न सोडणाऱ्या राष्ट्राध्यक्ष बाग्बो यांचा बँकेतला सहीचा अधिकार काढून घेतला, फेब्रुवारीत मोठ्या बँकांची दारं बंद झाली आणि आबिदजानमध्ये लोक आपलाच पैसा मिळेना म्हणून रांगांत उभे राहिले. त्या वेळी बँकेच्या बाजूला होते वातारा, जे स्वतः याच बँकेचे माजी गव्हर्नर. म्हणजे किल्ली आता पॅरिसमधून हलली असली, तरी ती बामाको किंवा नायजरची राजधानी नियामे यांच्या हातात आलेली नाही. आणि ती घ्यायची तर परकीय चलनाची स्वतःची गंगाजळी उभी करावी लागेल, तांदूळ, इंधन, औषधं यांच्या आयातीचे पैसे दरमहा भागवावे लागतील, शिवाय प्रादेशिक बाजारातून काढलेलं सीएफएतलं कर्ज नव्या चलनात कसं फेडायचं तेही सोडवावं लागेल. बामाकोच्या व्यापारी घरांत १९६२ च्या जुलैची आठवण सांगणारी माणसं अजून आहेत. त्यांचा विश्वास आधी मिळवावा लागेल, आणि तो बंदुकीच्या जोरावर मिळत नाही, हे मोदिबो केइता यांच्या सरकारला तेव्हाच कळून चुकलं होतं.